फ्लोरिबंडा: पहिल्या वर्षी ६३ फुलं, दुसऱ्या वर्षी ९. माझं काय चुकलं?

सातझाडी

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

१२ फूट लांब, ४ फूट रुंद असा वाफा आहे. त्यात फ्लोरिबंडाची, म्हणजे झुपक्यांनी फुलणाऱ्या गुलाबाची, ७ झाडं, दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर. ३ आइसबर्ग, २ युरोपियाना आणि २ नारिंगी. नारिंगीच्या नावाच्या चिठ्ठ्या पहिल्याच पावसात धुऊन गेल्या, त्यामुळे घरात त्यांना 'बेनाम' म्हणतात. सकाळी ८ ते दुपारी २ पर्यंत चांगलं ऊन असतं. लावून पावणेदोन वर्षं झाली.

मला वही ठेवायची खोड आहे. पहिल्या वर्षी एका आइसबर्गवर एका दिवशी ६३ उमललेली फुलं मोजली होती. या बहराला त्याच झाडावर ९. युरोपियानाचं तर लिहवत नाही.

काय काय केलं ते लपवत नाही. व्हिडिओ बघून सगळी झाडं जमिनीपासून चार-चार डोळ्यांवर (काडीवरच्या अंकुरांवर) छाटली, जेमतेम वीतभर काड्या ठेवल्या. व्हिडिओतला माणूस हायब्रिड टी या दुसऱ्याच प्रकारचे गुलाब छाटत होता हे नंतर लक्षात आलं. तेव्हा म्हटलं, गुलाब तो गुलाब. छाटल्यावर झाडं गप्पच बसली म्हणून दोनदा मूठमूठ युरिया दिला. पाणी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर पाइपने, वरून, पानं स्वच्छ धुऊन निघतील असं. दिवसभर तापलेल्या झाडांना बरं वाटत असेल असा माझा समज.

आता तक्रारी.

झुपका कधी भरलेला दिसतच नाही. मधलं फूल उमलतं, दोन-तीन दिवसांत तपकिरी पडतं, आणि बाजूच्या कळ्या अजून मिटलेल्याच. ते मेलेलं फूल बघवत नाही म्हणून मी अख्खा झुपका उतरवतो, कळ्यांसकट. जीव तुटतो, पण काय करणार.

खालची पानं काळे ठिपके पडून, पिवळी होऊन गळतात. गुडघ्यापर्यंत झाड उघडंबोडकं. युरोपियानाच्या कोवळ्या पानांवर मात्र पिठासारखं पांढरं काहीतरी आहे.

तिसऱ्या आइसबर्गने तर कमालच केली. त्यातून दोन फांद्या सुटल्या, माझ्या डोक्याच्या वर गेल्या. पानं फिकट, बारीक. एकीच्या टोकाला पाच पाकळ्यांच्या छोट्या पांढऱ्या फुलांचा घोस आला. झाड जोमात आहे, पण आइसबर्ग वाटत नाही. रानटी झालं का?

आणि पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी ठिपके, बारीक गोल कड्यांसारखे.

हो, एक राहिलं. युरोपियानाच्या बुंध्यातून तांबडे, जाड, कोवळे कोंब आले होते. फुकट रस खाणारे असतील म्हणून मी ते लगेच काढून टाकले. ते तरी बरोबर केलं ना?

आईने कालपासून कात्री लपवून ठेवली आहे. म्हणते, आधी कुणाला तरी विचार, मग हात लाव.

फवारापंप

एवढं काही नाही हो. सगळी लक्षणं बुरशीची आहेत. आज कडुनिंबाचं तेल मारा, दोन दिवसांनी पाण्यात विरघळणारं गंधक मारा, दर आठवड्याला आलटून पालटून. सोबत एप्सम सॉल्ट झाडाला दोन चमचे. मी हेच करतो, आठ दिवसांत फरक.

जुनी_कात्री

सातझाडी, आधी पाइप खाली ठेवा आणि तिसऱ्या आइसबर्गपाशी जाऊन बसा. उभ्याने दिसणार नाही, बसाच.

तुमचं झाड रानटी झालेलं नाही. मुळात ते एक झाड नव्हेच, दोन झाडं आहेत. खालचं मूळ रांगड्या जातीचं, त्याला खुंट म्हणतात, त्यावर आइसबर्गचा डोळा भरलेला. बुंध्याशी गाठ दिसते ना, तो जोड. जोडाच्या वर फुटेल ते आइसबर्ग, खाली फुटेल तो खुंट. घोसातली पाच पाकळ्यांची छोटी पांढरी फुलं म्हणजे खुंट बहुधा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा. मुळं त्याचीच, त्यामुळे पंगतीत पहिलं पान त्याचं. आइसबर्गला उरलंसुरलं मिळतं, आणि एक दिवस तेही मिळेनासं होतं.

हे फुटवे कापायचे नाहीत. कात्रीने कापलेत की बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून एकाचे तीन होऊन येतील. जाड हातमोजे घाला, माती हाताने बाजूला करा, फुटवा मुळाला जिथे चिकटलाय तिथपर्यंत उतरा आणि खाली दाबून ओढा. तो सोलून, बुडाच्या टाचेसकट निघाला पाहिजे. निघताना थोडी साल गेली तरी चालेल.

हे शहाणपण मला फार उशिरा आलं. माझ्याकडे मास्करेड जातीची एक फ्लोरिबंडा होती. तिला असाच फुटवा आला, आणि मी अख्खा मोसम त्याला कौतुकाने खत घातलं. काय वाढलीय, काय वाढलीय, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मूळची मास्करेड शेजारी वाळून काडी झाली तेव्हा डोळे उघडले.

मास्करेडचं नाव काढलं त्याला कारण आहे. तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर तिच्यात आहे. १९४९ सालची ही जात, अमेरिकेत यूजीन बोअर्नर यांनी काढलेली. तिचं फूल पिवळं उमलतं, मग गुलाबी होतं, शेवटी गडद लाल. झुपक्यातली फुलं एकाच दिवशी उमलत नाहीत, म्हणूनच एका झुपक्यात तिन्ही रंग दिसतात. म्हणजे झुपका मागेपुढे उमलणं हा रोग नाही, फ्लोरिबंडाची रीतच आहे. मधली कळी सगळ्यात वयाने मोठी, ती आधी फुलते, आधी मरते. मास्करेडमध्ये त्याची शोभा होते, पांढऱ्या आइसबर्गमध्ये मधोमध तपकिरी बोळा दिसतो, इतकंच.

उपाय सोपा आहे, मन मात्र घट्ट करावं लागतं. मधली कळी वाटाण्याएवढी असतानाच नखाने खुडायची. रंग दिसायच्या आत. बाजूच्या कळ्या मग जवळपास बरोबरीने भरतात आणि झुपका एकदम उघडतो. प्रदर्शनात झुपके मांडणारे हेच करतात. मी सगळ्या झुपक्यांना करत नाही. घरातून दिसणाऱ्या बाजूचे खुडते, मागचे त्यांच्या मनाने फुलू देते. खुडायचं राहून गेलं तर मधलं फूल सुकल्यावर त्याचा एकट्याचा देठ कापा. चिमुकली टोकदार कात्री घ्या, मोठी तिथे शिरत नाही. अख्खा झुपका उतरवायचा तो त्यातलं शेवटचं फूल झाल्यावर, आणि तोही फार खाली जाऊन नाही. झुपक्याखालच्या पहिल्या चांगल्या, भरल्या पानाच्या वर. जीव तुटतो म्हणता आणि कळ्यांसकट कापता, धन्य आहे.

आता ते तांबडे कोंब. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. सातझाडी, ती तुमची पुढच्या तीन वर्षांची फुलं होती. जुनं लाकूड थकतं, त्यावर झुपके बारीक होत जातात. झाड स्वतःला नवं करतं ते बुंध्यातून आलेल्या अशा कोंबांनी. जोडाच्या वरून आलेला जाड, रसरशीत, तांबूस कोंब म्हणजे घरात आलेलं नवं माणूस. त्याला जपायचं. फार तर ४५ सेंटिमीटर झाला की कोवळा शेंडा खुडायचा, म्हणजे त्याला बगलेत फांद्या फुटतात. न खुडता सोडलात तर तो एकाच दमात वर जाऊन टोकाला मोठा झुंबराएवढा झुपका काढतो आणि पहिल्या वाऱ्याला बुडातून निखळतो.

जोडाच्या वरचा की खालचा, एवढाच प्रश्न प्रत्येक कोंबाला विचारायचा. तुम्ही बरोब्बर उलटं केलंत. खालचा वाढवलात, वरचा कापलात.

छाटणीचं. गुलाब तो गुलाब नव्हे. डेन्मार्कमध्ये पोल्सन कुटुंबाने पॉलिअँथा आणि हायब्रिड टी यांचा संकर केला, १९२४ साली त्यांची एल्स पोल्सन आली, आणि तिथून ही सगळी वंशावळ चालू झाली. पॉलिअँथा म्हणजे बुटकं, बारीक काड्यांचं, घोसाघोसाने फुलणारं झाड. हायब्रिड टी म्हणजे मोजके जाड दांडे, दांड्याला एक मोठं फूल. हायब्रिड टी वीतभर ठेवली तर रागवत नाही, तिला तेच हवं असतं. फ्लोरिबंडाच्या अंगात पॉलिअँथा आहे, तिला भरपूर काड्या हव्यात. २५ ते ३० सेंटिमीटर ठेवा, सहा-आठ चांगल्या फांद्या ठेवा. आइसबर्ग तर झुडूपच आहे, ती मी निम्म्या उंचीच्या खाली कधी नेत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक काडी काढून टाका हा नियमही हायब्रिड टीचा. आइसबर्गच्या बारीक काडीवरही झुपका येतो. मेलेलं, एकमेकांवर घासणारं आणि रोगट काढा. बाकीच्याला सोडा.

युरियाबद्दल बोलत नाही. तुम्हालाच कळलं असेल.

मातीतमाखलेला

जुनी_कात्री यांच्या पोस्टला माझे दोन हात वर.

फक्त एक भर. नुसत्या पानांच्या, टोकाला कळीच न आलेल्या आखूड फांद्या जोडाच्या वरून आलेल्या असतील, तर त्या खुंटाच्या समजून उपटू नका. त्या आंधळ्या फांद्या. निम्म्यावर एखाद्या जाड डोळ्यावर कापल्या की बहुतेक वेळा पुढचा फुटवा कळी घेऊन येतो.

आणि सातझाडी, पाणी देताना कधी माती उकरून बघितलीत का? रोज पाइप फिरवला की वरचं बोटभर ओलं दिसतं, खाली वीतभरावर कोरडं ठणठणीत असतं. मग मुळं वरच्या वर पसरतात आणि एका कडक उन्हात मान टाकतात. आठवड्यातून दोन-तीनदा, पण बुडाशी, सावकाश, झाडाला बादलीभर. दुसऱ्या दिवशी खुरप्याने वीतभर खाली ओल लागते का ते बघा आणि त्यावरून कमी-जास्त करा. माझी माती रेताड आहे, मला तीनदा लागतं. चिकण मातीला एकदाही पुरेल.

काटेकोर

वरच्या दोघांचं पटलं. फवारापंप यांचं पटलं नाही, आणि ते वेळेत सांगणं गरजेचं आहे.

तेल आणि गंधक जोडीने कधी मारू नये. तेल मारल्यावर किमान दोन आठवडे गंधक नाही, गंधकानंतर तितकेच दिवस तेल नाही. एकावर एक पडले की पानं होरपळतात. कडुनिंबाचं तेलही तेलच. शिवाय ३० अंशांच्या वर ऊन तापलेलं असताना गंधक एकटंही पान जाळू शकतं.

दुसरं, 'सगळी बुरशीच' म्हणून एकच औषध हे चालत नाही. काळे ठिपके आणि भुरी (युरोपियानावरचं ते पिठासारखं पांढरं) यांचा स्वभाव उलटा आहे. काळ्या ठिपक्याच्या बीजाणूला रुजायला पान सलग सात तास तरी ओलं लागतं. संध्याकाळी वरून पाणी म्हणजे त्याला रात्रभराची सोय. तुम्ही झाडाला आंघोळ घालत नव्हता, बुरशीचं अंथरूण घालत होता. भुरीला मात्र पानावर पाणी लागत नाही. दिवस कोरडे, रात्री गार आणि दमट, हवा कोंडलेली, आणि कोवळी लुसलुशीत पानं, की ती आलीच. ती लुसलुशीत पानं युरियाने आणली. युरोपियाना तशीही भुरीला लवकर बळी पडते. मावाही त्याच पानांवर बसतो, शेंडे उलटून बघा.

करायचं ते असं. ठिपकेवाली पानं, झाडावरची आणि जमिनीवरची, वेचून वाफ्याबाहेर काढा. कंपोस्टात नाही. बुरशी गळलेल्या पानांवर आणि फांद्यांवरच्या डागांत टिकते आणि पाण्याच्या थेंबांबरोबर मातीवरून उडून खालच्या पानांवर बसते. म्हणून झाड खालून उघडं पडत जातं. मग ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन, सुकी पानं किंवा कुजलेलं खत, बुंध्यापासून चार बोटं लांब. पाणी सकाळी, बुडाशी. बुरशीनाशक मारायचं तर नवीन पानं निरोगी असताना. ते पानाचं रक्षण करतं, पडलेला ठिपका पुसत नाही. आठ दिवसांत फरक दिसला तर तो नवीन पानांचा असतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. मातीत ते कमी असेल तरच उपयोग. कमी असेल तर खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. उलट शेंड्याची नवी पानं अशी पिवळी पडत असतील तर बहुधा लोह मिळत नाहीय, आणि मातीचा सामू (पीएच) चढलेला असतो. गुलाबाला ६ ते ७ मधला बरा. यांच्या पानांवर ठिपके आहेत, त्यामुळे दोन्ही प्रश्न इथे नाहीत.

पाकळ्यांवरची गुलाबी कडी ही करड्या बुरशीची सुरुवात. ती सगळ्याच रंगांवर येते, पांढऱ्यावर लपत नाही इतकंच. सुकलेली फुलं झाडावर ठेवू नका आणि फुलं ओली करू नका. पाकळीवर ठिपके नसून सगळीच गुलाबी झाक असेल तर घाबरू नका, गारव्यात आइसबर्ग तशी लाजते.

जुनी_कात्री यांच्या पोस्टमध्ये एक गोष्ट जोडतो. १९५८ साली जर्मनीत कॉर्डेस यांनी आइसबर्ग आणली तेव्हा तिचं नाव श्नीविट्शेन होतं, म्हणजे हिमगौरी. १९८३ मध्ये जगभरच्या गुलाबसंस्थांच्या महासंघाने तिला जगाची आवडती ठरवलं. पण नावावर जाऊ नका, काळ्या ठिपक्याला ती सहज बळी पडते. ओलं हवामान असेल तर तिच्याकडे लक्ष जास्त द्यावं लागतं.

आणि छाटणीत तिरका काप, डोळ्याच्या अमुक मिलिमीटर वर, यात जीव घालू नका. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या गुलाबबागेत काही झाडं कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट कापून पाहिली होती. ती नीट छाटलेल्या झाडांपेक्षा मागे पडली नाहीत. धार हवी आणि कात्री स्वच्छ हवी, बस.

जुनी_कात्री

काटेकोर, यंत्राचं सांगितलंत, आता उद्या हे सातझाडी यंत्र घेऊन येतील. मेलेलं लाकूड यंत्राला दिसत नाही. दोन-तीन वर्षांत मध्ये नुसतं जळण साठतं, ते शेवटी हातानेच काढावं लागतं. पण तिरक्या कापाचं खरं. मीही आता जिथे हात पोचेल तिथे कापते.

सातझाडी

तुम्हा सगळ्यांचे आभार, आणि एक कबुली. काटेकोर यांची पोस्ट यायच्या आत मी पहिला सल्ला अमलात आणला होता. शनिवारी तेल, सोमवारी गंधक. बुधवारी 'बेनाम' दोघांची पानं कडेने कागदासारखी करपली. फवारापंप, तुमच्यावर राग नाही, घाई माझीच.

तिसऱ्या आइसबर्गपाशी बसलो. आच्छादन आणि माती दोन इंच बाजूला केल्यावर गाठ दिसली. दोन्ही लांब फांद्या गाठीच्या खालून. पहिली ओढली तर टक् आवाज होऊन टाचेसकट हातात आली. दुसरी अर्ध्यावर तुटली, तिचं बूड खुरप्याने कोरून काढलं. खाली तिसरी अजून पांढरट कोंबाच्या रूपात होती, ती नखाने निघाली.

एक शंका. कुठेतरी वाचलं की पानाला सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) असतील तर खुंट, पाच असतील तर गुलाब. मी मोजल्या. चांगल्या आइसबर्गवरही कितीतरी पानांना सात आहेत. मग तीही खुंटाची का?

काटेकोर

नाही. पर्णिका मोजणं सोडून द्या. बऱ्याच फ्लोरिबंडांना पाचही असतात, सातही. खात्रीची खूण एकच, तो कोंब कुठून निघतो ती जागा.

जुनी_कात्री

गाठ दोन इंच खाली होती म्हणता. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात मुद्दाम पुरतात, जोड गोठू नये म्हणून. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठत नसेल तर जोड मातीच्या वर, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. मग कोंब वरचा की खालचा हे बसून बघायलाही नको.

करपलेली पानं ओरबाडू नका. अर्धं पान हिरवं असेल तर ते अजून झाडाला पोसतंय.

सातझाडी

आठ आठवडे झाले, वहीतले आकडे सांगतो.

पहिला आइसबर्ग: ४१. दुसरा: ३४. ६३ नाहीत, पण ९ वरून ४१ म्हणजे मी काल वाफ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मधल्या कळ्या निम्म्या झुपक्यांच्या खुडल्या, निम्म्यांच्या मुद्दाम ठेवल्या, फरक बघायला. खुडलेल्या झुपक्यांत एका वेळी सात-आठ फुलं उघडी होती, न खुडलेल्यांत तीन-चार. एक झुपका मी उशिरा खुडला, रंग दिसायला लागल्यावर. तिथे मध्ये बोडखा देठ राहिला आणि भोक पडल्यासारखं दिसतं. वाटाण्याएवढी असतानाच, हे आता पक्कं समजलं.

काळे ठिपके गेले नाहीत, पण गुडघ्याच्या वर चढले नाहीत. युरोपियानाची भुरी नवीन पानांवर नाही. त्या दोघींनी आताशा कुठे कळ्या धरल्यात. गुलाबी कड्या दोन-तीन फुलांवर दिसतात, एवढ्याच.

'बेनाम' सावरले. पांढऱ्या कागदावर एक फूल झटकून पाहिलं, कारण पाकळ्यांच्या कडा तपकिरी होत्या. सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे पळाले. फुलकिडेच ना? सध्या बाधलेल्या कळ्या आणि फुलं काढून पिशवीत बांधून टाकतोय.

तिसरा आइसबर्ग मात्र गेला. खुंट काढल्यावर वरच्या भागात जीवच उरला नव्हता. दोन काड्या होत्या, त्याही वरून काळ्या पडत खाली आल्या. काल उपटला. त्याच खड्ड्यात नवीन फ्लोरिबंडा लावू का? जागा रिकामी बघवत नाही.

मातीतमाखलेला

हो, फुलकिडेच. फिकट रंगाची फुलं त्यांना विशेष आवडतात. तुम्ही करताय ते बरोबर आहे. फवारा कळीच्या आत पोचत नाही, त्यामुळे बाधलेली फुलं काढणंच जास्त कामाचं.

त्याच खड्ड्यात तसाच लावू नका. जिथे गुलाब काही वर्षं वाढला त्या मातीत नवा गुलाब कुढतो. जुना शेजारी मजेत असतो, नवा मात्र जागचा हलत नाही. गुलाबाची माती आजारते म्हणतात ते हेच. तुमचा गेलेला तिथे दोनच वर्षं होता, त्यामुळे कदाचित चालूनही जाईल, पण मी धोका पत्करणार नाही. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणा, जुनी मुळं वेचून काढा, माती दुसरीकडे टाका. जिथे गुलाब कधीच नव्हता तिथली माती आणा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत तिसरा हिस्सा. काढलेली माती वाईट नसते, भाजीच्या वाफ्यात खुशाल घाला.

जुनी_कात्री

तिसऱ्याचं वाईट वाटलं. माझ्या मास्करेडचंही असंच झालं होतं.

नवीन झाड आणाल तेव्हा फुलं बघून आणू नका, बूड बघून आणा. जोडापासून तीन तरी फांद्या वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या हव्यात. एकच उंच काडी आणि तिच्यावर एक देखणा झुपका असलेलं झाड सगळे उचलतात, ते तिथेच ठेवा.

सातझाडी

ठरलं, आधी खड्डा आणि माती, मग झाड.

एक आनंदाची बातमी सांगायची राहिली. डावीकडच्या युरोपियानाच्या बुंध्यातून तांबडा कोंब आलाय. बसून पाहिलं, गाठीच्या वरून आहे. अंगठ्याएवढा जाड. आईने त्याच्याभोवती तीन काटक्या रोवून सुतळी बांधली आहे आणि मला त्या बाजूला फिरकू देत नाही. आज मोजला, ३१ सेंटिमीटर. शेंडा आता खुडू का?

जुनी_कात्री

४५ म्हटलं होतं. वर वाचा.